सरहिंद : पंजाबातील एका जुन्या नगराचा भूगोल व इतिहास

प्रस्तावना

मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांचा विचार करताना मराठी वाचकाच्या मनात प्रथम अटकेचे नाव येते. पानिपतचे नाव तर विसरताच येत नाही. मात्र या दोन स्थळांना जोडणाऱ्या राजमार्गावरील सरहिंद या नगराचा उल्लेख आपल्याकडील इतिहासग्रंथांत बहुधा एखाद्या वाक्यात येऊन संपतो. रघुनाथरावाच्या सैन्याने मार्च १७५८ मध्ये सरहिंद घेतले नसते, तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लाहोरपर्यंत जाणे शक्य झाले नसते. मोगलकाळात दिल्ली व लाहोर यांच्या दरम्यानचे सर्वांत महत्त्वाचे ठाणे असलेले हे नगर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ नाहीसे झाले. ते का वाढले व का मोडले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या भौगोलिक स्थानापासून शोधावी लागतात.

स्थान आणि भूरचना

सरहिंद आजच्या भारतीय पंजाबातील फतेहगढ साहिब जिल्ह्यात, लुधियाना व अंबाला यांच्या दरम्यान वसलेले आहे. चंदीगढ त्याच्या पूर्वेस, तर पतियाळा दक्षिणेस आहे. लाहोर, मुलतान किंवा दिल्लीप्रमाणे हे नगर मोठ्या नदीच्या काठी नाही. वायव्येस व उत्तरेस सतलज, पूर्वेस दूरवर यमुना, आणि या दोहोंमधील सपाट गाळाच्या मैदानावर सरहिंद, अशी ही रचना आहे. सतलजचे पाणी सिंधूकडे जाते, यमुनेचे गंगेकडे. सरहिंदच्या परिसरातील ओहोळ मात्र यांपैकी कोणत्याही नदीला न मिळता नैर्ऋत्येकडे घग्गरच्या खोऱ्यात उतरतात. उत्तर भारतातील दोन महान नदीप्रणालींच्या मधला हा उंचवटा इतका सौम्य आहे की डोळ्यांना तो जाणवत नाही.

पंजाबी भाषेत ज्यांना 'चो' म्हणतात, ते शिवालिक टेकड्यांतून उतरणारे पावसाळी प्रवाह या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे. वर्षातील बराच काळ कोरडे असणारे हे प्रवाह पावसाळ्यात अकस्मात फुगतात व वाळू पसरवतात. टेकड्यांच्या अगदी पायथ्याने प्रवास केल्यास असे असंख्य प्रवाह ओलांडावे लागतात. उलट फार दक्षिणेकडे सरकल्यास भटिंडा-सिरसा भागातील रेताड, अल्पजल प्रदेश लागतो. मधली पट्टी तेवढी मोठ्या सैन्याला व व्यापारी तांड्यांना सोयीची होती, कारण तेथे विहिरींना पाणी बऱ्यापैकी वर लागत असे, धान्य पिके व गाड्या चालत. सरहिंद या पट्टीवर आहे. त्याला नदीने नव्हे, तर रस्त्याने घडवले, असे म्हणता येईल.

नाव आणि प्राचीनता

'सरहिंद' या नावाची 'सर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचे शीर्ष, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. ती फारसी जाणणाऱ्यांना सहज सुचणारी असल्यामुळेच तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. जुन्या लेखनात 'सहरिंद' असेही रूप आढळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील 'सैरिंध' या लोकनामाशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. ह्युएनत्संगाने वर्णिलेल्या शतद्रु देशाची राजधानी म्हणजे सरहिंद, असे मत अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मांडले होते, परंतु ते सर्वमान्य झालेले नाही. फारसी तवारिखांतील 'तबरहिंद' हे नाव भटिंड्याचे असताना लेखनसाम्यामुळे ते सरहिंद म्हणून वाचले गेले, आणि त्यामुळे अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही घटना चुकीने या नगराच्या खात्यावर जमा झाल्या, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते.

परिसराच्या प्राचीनतेबद्दल मात्र संशय नाही. याच जिल्ह्यातील संघोल येथे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळापासूनचे अवशेष सापडले आहेत. तेथील बौद्ध स्तूपाजवळ १९८५ मध्ये मथुरा शैलीतील कुषाणकालीन ११७ शिल्पे एकत्र मिळाली. म्हणजे सरहिंदच्या कितीतरी आधीपासून या मार्गावर वस्ती, व्यापार व धर्मसंस्था होत्या.

रस्ता बदलला, नगर वाढले

सल्तनतकाळाच्या आरंभी वायव्येकडून दिल्लीस येणारा एक महत्त्वाचा मार्ग मुलतानहून सिरसा-हांसीकडे येत असे. १३९८ मध्ये तैमूर भटनेर, सिरसा, समाना, कैथल असा आला. सरहिंद त्याच्या वाटेवर नव्हते. यानंतर लाहोरचे महत्त्व वाढत गेले व वाहतूक उत्तरेकडे सरकली. १५२६ मध्ये बाबर दिल्लीकडे निघाला तो सरहिंद-अंबाला मार्गाने. या सुमारे सव्वाशे वर्षांतील बदल सरहिंदच्या उत्कर्षाचे मूळ कारण दिसते.

उत्कर्षाची पूर्वतयारी फिरोजशाह तुघलकाच्या काळात झाली होती. त्याने १३६० च्या सुमारास समान्यापासून तोडून सरहिंदचा स्वतंत्र विभाग केला व तेथे किल्ला बांधविला. या माहितीचा एक आधार 'तारीख-ए-मुबारकशाही' हा ग्रंथ आहे व त्याचा लेखक याह्या बिन अहमद हा सरहिंदचाच होता. पुढे लोदी घराण्याचा उदय येथूनच झाला. बहलोल लोदी याचा चुलता सरहिंदचा सुभेदार होता. त्याच्यामागे बहलोलने येथे आपले बळ वाढविले व १४५१ मध्ये दिल्लीचे तख्त मिळविले. २२ जून १५५५ रोजी हुमायूनच्या सैन्याने सिकंदरशाह सूर याचा सरहिंद येथेच पराभव केला आणि पंधरा वर्षांनी मोगलांना दिल्लीचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. ज्याच्या हाती सरहिंद त्याला दिल्लीचे दार उघडे, हे गणित असे वारंवार सिद्ध होत गेले.

अकबराच्या काळात सरहिंद हे दिल्ली सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. येथील हाफिज रखना याच्या बागेचा गौरव 'ऐन-ए-अकबरी'त केलेला आहे. पुढे जहांगीर व शहाजहान यांनी तिचा विस्तार केला. 'आम खास बाग' या नावाने तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. लाहोरकडे जाता-येता बादशाही मुक्काम येथे पडत असे. निवासस्थाने, हमाम व कारंजी यांची व्यवस्था पाहिल्यास नदी नसलेल्या ठिकाणी पाणी खेळविण्यासाठी किती खटाटोप केला गेला होता याची कल्पना येते.

याच काळात सरहिंद विद्येचे व सूफी पंथाचे केंद्र बनले. नक्शबंदी परंपरेतील शेख अहमद सरहिंदी (१५६४-१६२४) यांचा प्रभाव त्यांच्या पत्रांच्या संग्रहामुळे मध्य आशिया व तुर्कस्तानापर्यंत पोहोचला. रौजा शरीफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या समाधिस्थानास अफगाणिस्तानातील भाविकही येत आले आहेत. पदच्युत अफगाण राजा शाह जमान याचे दफनही तेथेच झाले. महाराष्ट्रातील वारकरी कीर्तनांतून परिचित असलेला सजन कसाई, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबात ज्याचे एक पद समाविष्ट आहे तो भक्त सधना, याच्या नावाची एक जुनी मशीदही सरहिंद येथे आहे. नगराच्या वैभवकाळी येथे ३६० मशिदी होत्या, अशी परंपरा सांगते. बागा, विहिरी व सराया यांबद्दलही हीच संख्या सांगितली जात असल्याने ती शब्दशः घेण्याचे कारण नाही.

१७०४ ते १७१०

सरहिंदच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रसंग अठराव्या शतकाच्या आरंभी घडला. आनंदपूर सोडताना गुरू गोविंदसिंग यांच्या कुटुंबाची ताटातूट झाली. त्यांची वृद्ध माता गुजरी आणि जोरावरसिंग व फतेहसिंग हे दोन धाकटे पुत्र सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्या हाती सापडले. धर्मांतरास नकार दिल्यामुळे या बालकांना भिंतीत चिणून मारण्यात आले, असे शीख परंपरा सांगते. दोघांचेही वय दहा वर्षांच्या आत होते. मातेचाही तेथेच अंत झाला. ही घटना डिसेंबर १७०४ ची मानली जाते, तर काही अभ्यासक ती १७०५ मध्ये ठेवतात. मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मदखान याने भर दरबारात या शिक्षेस विरोध केला, ही आठवण शीख समाजाने आजवर कृतज्ञतेने जपली आहे. अंत्यसंस्कारासाठी दिवाण टोडरमल नावाच्या व्यापाऱ्याने सोन्याच्या मोहरा अंथरून जमीन विकत घेतली, असे सांगतात. अकबराचा मंत्री तोडरमल याच्याशी नामसादृश्यापलीकडे त्याचा संबंध नाही. त्याची 'जहाजी हवेली' भग्नावस्थेत उभी आहे.

या घटनेचा दुसरा अंक महाराष्ट्रभूमीवर सुरू झाला. १७०८ मध्ये नांदेड येथे गोदाकाठी माधोदास बैरागी याची गुरू गोविंदसिंगांशी भेट झाली व तो त्यांचा शिष्य बनला. तोच बंदा सिंग बहादुर होय. गुरूंच्या आज्ञेने तो पंजाबात गेला. मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत वजीरखान मारला गेला व दोनच दिवसांत सरहिंद बंदाच्या हाती पडले. मोगलांनी त्याच वर्षी नगर परत घेतले खरे, परंतु त्याची प्रतिष्ठा पूर्ववत झाली नाही.

अब्दाली, मराठे व शीख

अहमदशाह अब्दालीच्या स्वाऱ्यांत सरहिंद पुन्हा पुन्हा भरडले गेले. मार्च १७४८ मध्ये त्याने नगर लुटले. जवळच्या मानूपूरच्या लढाईत मोगल वजीर कमरुद्दीनखान ठार झाला, तरी अब्दालीला त्या वेळी माघार घ्यावी लागली. १७५७ मध्ये मात्र पंजाबाबरोबर सरहिंदही त्याने आपल्या ताब्यात घेतले व अब्दुस्समदखान यास तेथे नेमले.

पुढील वर्षी अदिना बेगखानाच्या निमंत्रणावरून रघुनाथराव पंजाबात उतरला. मराठे, अदिना बेग व शीख यांच्या संयुक्त फौजांपुढे सरहिंद टिकू शकले नाही. अब्दुस्समदखान कैद झाला. त्यानंतर झालेल्या लुटीत नगराची घरे-दारेही शिल्लक राहिली नाहीत, तसेच लुटीवरून शीख व मराठे यांच्यात कुरबुर झाली, असे समकालीन फारसी वृत्तांतावरून दिसते. अटकेच्या यशोगाथेत हा भाग सहसा सांगितला जात नाही. रघुनाथरावाने अदिना बेगशी वार्षिक पंचाहत्तर लाखांचा करार करून पंजाब त्याच्याकडे सोपविला. तो सप्टेंबर १७५८ मध्ये मरण पावला आणि ती व्यवस्था कोलमडली. दिल्लीपासून लाहोरपर्यंतचा रस्ता हाती ठेवायचा तर सरहिंदला मजबूत ठाणे हवे होते. लुटलेल्या नगरात असे ठाणे उभारण्याइतका वेळ व पैसा मराठ्यांजवळ नव्हता. १७५९ च्या अखेरीस अब्दाली परतला तेव्हा त्याला या मार्गावर फारसा अडथळा झाला नाही. सरहिंदचा माजी अधिकारी अब्दुस्समदखान ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याच्या लढाईत मराठ्यांकडून मारला गेला. पानिपतच्या कोंडीपूर्वी भाऊसाहेबांच्या छावणीस जे धान्य मिळत होते, त्यातील काही भाग सरहिंदच्या दक्षिणेकडील पतियाळा मुलखातून, आलासिंगाकडून येत होता. ती वाट तुटल्यावर काय घडले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पानिपतनंतर अब्दालीने झैनखानास सरहिंदची फौजदारी दिली. १४ जानेवारी १७६४ रोजी शिखांनी त्याला ठार करून नगर घेतले आणि या वेळी ते केवळ लुटले नाही, तर पाडले. सरहिंदच्या विटा सतलज किंवा यमुनेत टाकणे हे पुण्यकर्म मानले जाऊ लागले. तेथून जाणारा शीख प्रवासी एखादी वीट उचलून नेई व नदीत सोडी, ही प्रथा एकोणिसाव्या शतकातही चालू होती.

नगर पुन्हा का उभे राहिले नाही, याचे उत्तर लोकमानसात 'शाप' असे दिले जाते. ते पुरेसे नाही. दिल्लीही अनेकदा लुटली गेली आणि पुन्हा वसली. सरहिंदच्या बाबतीत वेगळे घडले ते असे, की त्याचा मुलूख शीख मिसलींमध्ये वाटला गेला व एका केंद्राची गरजच उरली नाही. खुद्द नगर आलासिंगाकडे आले, पण त्याची राजधानी पतियाळा नुकतीच आकार घेत होती व सरहिंदचे अनेक रहिवासी तिकडेच जाऊन स्थायिक झाले. लाहोरचे रणजितसिंगाचे राज्य व इंग्रजी सत्ता यांच्यात सतलज ही सीमा ठरल्यावर लुधियाना पुढे आले. त्यानंतर अंबाल्यास लष्करी छावणी बसली. रस्ता जागीच राहिला, परंतु त्यावरील मुक्कामाच्या जागा बदलल्या.

नंतरचे सरहिंद

१८८२ मध्ये रोपड येथून निघालेला 'सरहिंद कालवा' सुरू झाला. हे नाव नगराचे नसून जुन्या सरहिंद प्रांताचे आहे, व कालव्याचा मुख्य लाभ माळवा भागास झाला. म्हणजे नगर मोडल्यावरही त्याचे नाव प्रदेशाला चिकटून राहिले. अमृतसर-दिल्ली लोहमार्ग मात्र याच जुन्या पट्टीवरून गेला. पुढे रोपड-नांगलकडे फाटा निघाल्याने सरहिंद जंक्शन झाले. स्वातंत्र्यानंतर भाक्राचा मुख्य कालवा नगराजवळून आला. १३ एप्रिल १९९२ रोजी स्थापन झालेल्या जिल्ह्यास मात्र फतेहगढ साहिब हे धाकट्या साहिबजाद्याच्या स्मृतीचे नाव देण्यात आले.

आज सरहिंद व फतेहगढ साहिब मिळून एकच नगरपरिषद असून २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे ६० हजार आहे. शेजारच्या मंडी गोविंदगढ येथील पोलाद कारखाने आणि सरहिंद येथील मालमोटारींच्या सांगाड्यांची बांधणी यांवर परिसराची बरीचशी उपजीविका चालते. दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस शहिदी जोडमेळ्यासाठी लाखो भाविक गुरुद्वारा फतेहगढ साहिब येथे येतात. तेथून थोड्याच अंतरावरील रौजा शरीफ येथे शेख अहमद यांचा उरूस भरतो.