सर्पदंशोपचारविषयक गैरसमज

विषारी सर्पदंशावर वैद्यकीय उपचारांऐवजी किंवा त्यांच्या आधी केले जाणारे मंत्रोपचार, झाडपाला, चिरा, आवळपट्टी इ. उपाय व त्यांमागील समजुती यांचा येथे विचार केला आहे. भारतात २०००–१९ या काळात सर्पदंशाने सु. १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात व रुग्णालयाबाहेर झाले. विषापेक्षा वाया गेलेला वेळच पुष्कळदा घातक ठरतो.

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी वसला आहे. केळी-कापसाच्या शेतांतील कामे, रात्री पिकांना पाणी देणे व जमिनीवर झोपणे यांमुळे अशा प्रदेशात दंशाचा धोका राहतो. रुग्णाला प्रथम भगताकडे, पाड्यांवर बडव्याकडे नेण्याची रूढी या पट्ट्यात जुनी आहे. कडुनिंबाचा पाला कडू लागला नाही म्हणजे विष चढले, मारुतीच्या देवळात ठेवल्याने ते उतरते, जखमेवर कोंबडी लावल्यास किंवा जहरमोहरा ठेवल्यास ते शोषले जाते, अशा समजुती महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात.

या उपायांना यश आल्यासारखे वाटते, याचे कारण साधे आहे. बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष टोचतोच असे नाही. असा रुग्ण उपचारांविनाही बरा होतो. श्रेय मात्र मंत्राला मिळते. रुग्ण दगावल्यास ‘उशिरा आणला’ असे म्हटले जाते. त्यामुळे समजुतीची परीक्षा कधीच होत नाही.

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे होत. पहिल्या दोहोंच्या विषाने पापण्या जड होतात व पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात; उरलेल्या दोहोंच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो. वेदना व सूज जवळजवळ नसल्याने तो पोटदुखी समजला जातो. घोणस वा फुरसे चावल्यावर चिरा दिल्यास रक्तस्राव थांबत नाही, तर घट्ट आवळपट्टीने अवयव सडू शकतो. तोंडाने विष ओढून काढता येत नाही.

प्रतिसर्पविष हाच विषावरील एकमेव विशिष्ट उपाय होय. आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात ते प्रथम तयार केले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते दीर्घकाळ तयार होत असे. भारतातील प्रतिसर्पविष वरील चारही सापांच्या विषांवर चालते. म्हणून साप मारून आणण्याची गरज नसते. ते शिरेतून व रुग्णालयातच द्यावे लागते, कारण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. मुलांनाही प्रौढांइतकीच मात्रा देतात. सापाने टोचलेले विष वयानुसार कमी होत नाही. श्वसन बंद पडू लागल्यास कृत्रिम श्वासोच्छ्‌वासाची सोय लागते.

दंशानंतर रुग्णाला धीर द्यावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात, चावलेला अवयव लाकडी फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा व रुग्णाला चालू न देता लगेच रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा गुन्हा ठरविला आहे. तथापि कायद्याचा उपयोग मुख्यतः अडथळा दूर होण्यापुरता आहे. जीव वाचतो तो वेळेवर पोचण्याने.