आखूड गुणसूत्राचा लांबचा प्रवास

फिलाडेल्फियात १९५० च्या दशकात पीटर नोवेल यांनी रक्तपेशींची काचपट्टी नळाच्या साध्या पाण्याने धुतली. पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रं सुटी दिसू लागली. पुढे डेव्हिड हंगरफर्ड यांच्यासोबत त्यांनी १९६० मध्ये जाहीर केलं, की ‘सीएमएल’ या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र आखूड असतं. त्याचं कारण मात्र हाती नव्हतं.

ते शिकागोच्या जॅनेट राउली यांनी शोधलं. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. आई कागदी बाहुल्या खेळते, म्हणून मुलं चिडवायची. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो नवव्याला जाऊन चिकटलाय. या अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात, त्यांतून ‘बीसीआर-एबीएल’ हे प्रथिन तयार होतं आणि पेशींची वाढ थांबतच नाही, हे १९८० च्या दशकात उलगडलं.

आता नेम धरायला जागा मिळाली होती. निकोलस लायडन यांच्या गटाने या प्रथिनाला अडवणारं रसायन घडवलं. रुग्ण थोडे, म्हणून औषध बनवणारी नोव्हार्टिस कंपनी कचरत होती, पण ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्तचित्र पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत या गोळीला, म्हणजे इमॅटिनिबला, मंजुरी मिळाली. त्याच वर्षी चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने दाखवलं, की प्रथिनात बदल झाला की गोळी निकामी ठरते. मग डॅसाटिनिबसारखी पुढची औषधं आली.

भारतात प्रश्न होता पैशाचा. तेव्हा मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, तर देशी जेनेरिकचा दहा हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला.

एकेकाळी या रुग्णांना डॉक्टर चार-पाच वर्षांचीच मुदत सांगत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. रोग दीर्घकाळ पूर्ण आटोक्यात राहिलेल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करून पाहतात. फ्रान्समधल्या एका अभ्यासात अशांपैकी जवळपास ४० टक्क्यांचा रोग वर्षभरात उलटला नाही.

हे यश सगळ्या कर्करोगांना लागू करायची घाई नको. सीएमएलचं मूळ एकाच बिघाडात आहे. फुफ्फुसाच्या किंवा आतड्याच्या गाठीत असे बिघाड अनेक असतात, शिवाय ते बदलत राहतात. आणि सीएमएलमध्येही काम संपलेलं नाही. गोळी चालू असो वा बंद, रक्तातल्या बीसीआर-एबीएलचं प्रमाण पीसीआर तपासणीने वारंवार मोजावंच लागतं. गोळी स्वस्त झाली. आता ही तपासणीही रुग्णाच्या खिशाला आणि गावाला जवळची व्हायला हवी.