जरा हे डोकं धरता का?

“जरा हे डोकं धरता का?” ताई म्हणाली आणि तिनं माझ्या हातात खरोखरच एक डोकं दिलं.

मी किंचाळले नाही. (सोबत आलेला माझा भाचा म्हणतो, किंचाळलीस. त्याचं ऐकू नका.) एका आजोबांचं डोकं होतं ते. कपाळावर आठ्या, नाकावर चष्म्याचे दोन वळ, कानातून बाहेर आलेले चार केस, हनुवटीवर पांढरे खुंट. मानेखाली मात्र काहीच नाही! गालावर बोट दाबलं तर गाल आत गेला आणि बोट काढल्यावर हळूच वर आला. अगदी तुमच्या-माझ्या गालासारखा. फक्त त्याला ऊब नव्हती.

ताई सिनेमांसाठी अशी डोकी बनवते. या आजोबांना एका प्रसंगात नदीत पालथं तरंगायचं होतं, तेही पहाटे, चार-पाच वेळा. खऱ्या आजोबांना एवढा वेळ पाण्यात कोण ठेवणार? म्हणून हे डोकं, त्याला जोडलेलं धड आणि वर सदरा.

“पण मातीचं केलं असतं तर? किंवा मेणाचं?” भाच्यानं विचारलं.

ताईनं उत्तर दिलंच नाही. तिनं दिवे घालवले, एक टॉर्च पेटवला आणि भाच्याच्या बोटांना मागून टेकवला. बोटं लालभडक पेटली! हे तुम्हीही आज रात्री करून बघा. आपली कातडी भिंतीसारखी नसते. उजेड तिच्यावर आपटून परत फिरत नाही. थोडा आत शिरतो, आत इकडेतिकडे धडपडतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. कुणाच्या पाठीमागून ऊन येत असताना बघा, कान कसे लाल दिसतात! प्लास्टरचं डोकं कितीही छान रंगवलं तरी उजेड वरच्या वर परततो, आणि आपल्या डोळ्यांना लगेच कळतं, ‘हा पुतळा आहे.’ काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण कळतं.

मेण बरंच जवळ जातं. मादाम तुसाँ या बाई अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मेणाची डोकी करायला शिकल्या, त्यांचं नाव अजून गाजतंय. पण मेणाचा गाल दाबला तर काय होईल, सांगा बरं? जिलेटिन, म्हणजे आपल्या जेलीतला पदार्थ, मऊही असतं आणि उजेडही आत घेतं. मात्र सिनेमाच्या कडक दिव्यांखाली ते वितळतं. 1981 च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये या खोडीचाच फायदा घेतला होता. खलनायकाचा चेहरा जिलेटिनच्या रंगीत थरांचा केला, त्याला शेक दिला आणि कॅमेरा मुद्दाम संथ चालवला. पडद्यावर चेहरा झरझर वितळला! ताईच्या आजोबांना मात्र वितळायचं नव्हतं. म्हणून सिलिकोन.

नाव नीट वाचा हं. सिलिकॉन हे मूलद्रव्य, वाळूत असतं. सिलिकोन हे त्याच्यापासून केलेलं रबर. एका चंद्रकोरीचा फरक! घरातला मऊ, वाकणारा केकचा साचा आठवतोय? तोच हा भाऊबंद.

आधी खऱ्या आजोबांच्या चेहऱ्याचा ठसा घेतात. दाताला तार लावायची असली की डॉक्टर तोंडात एक गिळगिळीत लगदा कोंबतात ना, तोच लगदा, अल्जिनेट. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून होतो. केसांवर टोपी घालून अख्ख्या चेहऱ्याला तो फासायचा, फक्त नाकपुड्या मोकळ्या. एक माणूस सारखा नाकपुड्यांकडेच बघत बसतो, त्याला दुसरं कामच नसतं. काही मिनिटांत लगदा घट्ट होतो. मग वरून प्लास्टरच्या पट्ट्या. (घरी कुणाच्याही तोंडावर हे करू नका. श्वास अडकू शकतो, आणि प्लास्टर घट्ट होताना चांगलंच गरम होतं.)

या ठशात प्लास्टर ओतलं की आजोबा तयार. पण डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, आणि लगद्याच्या वजनानं गाल जरा ओघळलेले. ठसा खरा, पण आजोबा झोपेतले! मग ताई न सुकणाऱ्या तेलकट मातीत तो चेहरा पुन्हा घडवते. आठ्या कोरते, संत्र्याच्या सालीचा शिक्का मारून नाकावर छिद्रं उठवते. त्या मातीच्या डोक्यावरून साचा काढायचा आणि साच्याच्या आत एक छोटी, टणक कवटी बसवायची. साचा आणि कवटी यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यात ओतलेलं सिलिकोन म्हणजे आजोबांची कातडी.

सिलिकोन दोन डब्यांत येतं. दोन्हीतलं मधासारखं दाट. वेगवेगळं ठेवलं तर तसंच राहतं. एकत्र ढवळलं की आतले लांब-लांब रेणू फुगडीसारखे एकमेकांचे हात धरतात आणि पातळाचं रबर होतं. हे हात जुळवून देतं प्लॅटिनम! हो, दागिन्यांतलं, पण अगदी कणभर.

इथे मी शहाणपणा केला. ताईनं आम्हाला एक नाक ओतायला दिलं होतं. भाच्याच्या जुन्या डब्यातल्या मातीचं नाक केलं, त्यावर सिलिकोन ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी बघतो तर बाहेरून छान रबर आणि मातीला लागलेली बाजू चिकट पाकासारखी! दुसऱ्या दिवशीही तशीच. ताई हसली. “मातीत गंधक होतं.” गंधक प्लॅटिनमला असं चिकटतं की त्याला हात जुळवायचं काम करताच येत नाही. साध्या रबरी हातमोज्यांनीही हा घोटाळा होतो. मी तेही घातले होते.

सिलिकोन ओतण्याआधी त्यातली हवा काढावी लागते, नाहीतर आजोबांच्या नाकावर बुडबुड्याचा खड्डा. भांडं एका हवाबंद पिंपात ठेवून पंपानं हवा ओढली की मिश्रण उतू जाणाऱ्या दुधासारखं वर वर येतं आणि मग धपकन खाली बसतं. भाच्यानं हे तीनदा बघायचा हट्ट धरला.

रंगही आतूनच सुरू होतो. ताई सिलिकोनमध्ये लाल-निळ्या धाग्यांची भुकटी मिसळते. इतकी बारीक, की शिंकलात तर उडून जाईल. त्याच झाल्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या! वरचा रंग साधा चालत नाही, कारण सिलिकोनला सिलिकोनशिवाय काही धरून बसत नाही. सोललेल्या सालीसारखा निघून येतो. म्हणून रंगसुद्धा सिलिकोनमध्येच कालवायचा. कपाळ जरा पिवळट, नाक आणि कान तांबूस, दाढीची जागा निळसर. मग टूथब्रश रंगात बुडवून अंगठ्यानं त्याचे तुषार उडवायचे. होळीत करता तसे, पण शंभरपट बारीक. त्यानंतर तीळ, वांग आणि लहानपणच्या खोकेचा पांढरा व्रण.

“इतकं खराब का करतेस त्यांना?” भाचा म्हणाला.

“स्वच्छ ठेवलं की बाहुली होते,” ती म्हणाली आणि डाव्या भुवईतले दोन केस उपटून टाकले. खऱ्या आजोबांची भुवई तिथे विरळ आहे.

आणि केस! शिवणाच्या सुईचं नेढं अर्धं कापलं की तिला इवलासा काटा होतो. त्यात केस अडकवायचा आणि सिलिकोनमध्ये टोचायचा. एकेक. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. आजोबांना बरंच टक्कल आहे, म्हणून ताई खूश होती. तरीही टोचायला तिला नऊ दिवस लागले. नुसते टोचून चालत नाही, प्रत्येकाचा कल बघावा लागतो. कपाळावर पुढे, कानामागे खाली आणि माथ्यावर गोल गोल, भोवऱ्यासारखे.

भाचा माथ्याकडे वाकून बघत होता. “ताई, इथे दोन भोवरे आहेत. चुकलं का?”

“नाही. आजोबांना दोनच आहेत.”

“आजी म्हणते, दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात!”

ताईनं सुईत पुढचा केस अडकवला. “मी विचारलं त्यांना. एकच झालंय. म्हणाले, दुसऱ्याची अजून वाट बघतोय.”