लिंगोबाच्या डोंगराचं गाणं

पनवेलच्या एखाद्या उंच गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुठीतून अंगठा वर काढावा तसा. गावाची महानगरपालिका झाली, खाडीच्या बाजूला विमानतळ उभा राहिला, मधल्या मोकळ्या जागा इमारतींनी भरून गेल्या. सुळका मात्र आहे तिथे आहे. पनवेलकराला पावसाचा अंदाज तो देतो. त्याच्या माथ्यावर ढग टेकला की दोरीवरचे कपडे काढायचे, हे इथल्या घराघरांत शिकवावं लागत नाही.

या सुळक्यानं मराठीला एक चित्रपट दिला आहे. गो. नी. दांडेकर ऊर्फ गोनीदांच्या कादंबरीतला लिंगोबाचा डोंगर तो हाच, आणि त्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेला चित्रपट म्हणजे ‘जैत रे जैत’. त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होतील. एवढ्या काळात कितीतरी गाजलेले चित्रपट विस्मरणात गेले. ‘जैत रे जैत’ची गाणी मात्र आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या संगीतात, गाण्याच्या स्पर्धांत आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर वाजतात. हे का होतं, याचा शोध घ्यायचा तर मराठी संगीतपटाचा सगळाच प्रवास एकदा नजरेखालून घालावा लागतो.

गाणी असलेला चित्रपट आणि गाण्यांनी केलेला चित्रपट

आपल्याकडे जवळपास प्रत्येक चित्रपटात गाणी असतात, म्हणून प्रत्येक चित्रपट संगीतपट होत नाही. कसोटी सोपी आहे. गाणी काढून घ्या आणि उरलेली गोष्ट प्रेक्षकाला कळते का ते पाहा. कळत असेल, तर गाणी दागिन्यासारखी होती. कळत नसेल, तर ती हाडामांसाची होती.

हॉलिवूडच्या संगीतपटांचं नाव निघालं की दोन चित्रपट हमखास आठवतात. १९५२ चा ‘सिंगिन इन द रेन’ आणि १९६५ चा ‘द साउंड ऑफ म्युझिक’. पहिल्यातली बहुतेक गाणी चित्रपटाच्या कितीतरी आधी लिहिलेली, जुन्या चित्रपटांतली होती. बेटी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकांनी त्या गाण्यांना शोभेल अशी गोष्ट नंतर रचली, आणि ती इतकी बेमालूम बसली की गाणी आधीची आहेत हे कुणाला खरं वाटत नाही. दुसरा चित्रपट रंगभूमीवरून पडद्यावर आला, त्याला पाच ऑस्कर मिळाले, आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये आजही त्यातल्या जागा दाखवणाऱ्या सहली निघतात. हिरव्या डोंगरावर हात पसरून गाणारी ज्यूली अँड्रयूज पाहिलेला माणूस तो डोंगर विसरत नाही.

टिकाऊ संगीतपटाचं मर्म मला इथे सापडतं. गाणं, माणूस आणि जागा एकमेकांत अशी मुरलेली असतात की एक आठवलं की उरलेली दोन्ही समोर येतात. ‘जैत रे जैत’मध्ये हे आपल्या भाषेत आणि आपल्या डोंगरावर घडलं.

संगीतपटाची मराठी वाट

मराठी बोलपटाचा जन्मच गात गात झाला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे नायकही होते आणि संगीतकारही. मागे संगीत नाटकाची पन्नास वर्षांची परंपरा उभी होती, त्यामुळे गाणं ही प्रेक्षकाची सवय होती. १९३६ च्या ‘संत तुकाराम’नं या सवयीला खोली दिली. विष्णुपंत पागनीसांच्या गळ्यात अभंग हे संवादासारखे येतात. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग तर तुकोबांचाच आहे असं लोक धरून चालले. गीतकाराला याहून मोठी पावती कोणती? पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली.

त्यानंतर तमाशाचा काळ आला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त गदिमांची लेखणी, वसंत देसाई यांचं संगीत आणि जयराम शिलेदार, हंसा वाडकर यांची जोडी होती. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात अडीच वर्षं चालला. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘पिंजरा’ आणला. जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांच्या लावण्यांनी एका मास्तराच्या पडझडीची गोष्ट पायरी पायरीनं सांगितली. या साऱ्या चित्रपटांत गाण्याला एक सोयीचं कारण होतं. नायक शाहीर किंवा नायिका तमाशातली. त्यांचा धंदाच गाण्याचा. माणसं गातात कारण फडावर उभी आहेत.

‘जैत रे जैत’नं हे कारणच बाजूला ठेवलं. त्यात फड नाही, बैठक नाही, नाटक कंपनी नाही. डोंगराच्या कुशीतली ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, आणि ती गाते. ठाकरांच्या आयुष्यात गाणं आणि नाच कामापासून वेगळे काढलेले नसतात, ही गोष्ट दिग्दर्शक, कवी आणि संगीतकार तिघांनीही मनापासून मानली. पुढे ‘नटरंग’ (२०१०), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘सैराट’ (२०१६) यांनी आपापल्या काळात चित्रपटगृहं भरली. ‘सैराट’च्या संगीताचा काही भाग तर हॉलिवूडमधल्या स्टुडिओत, तिथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित झाला. पण ‘नटरंग’मध्ये पुन्हा फड आहे आणि ‘कट्यार’मध्ये दरबार. सबंध वाडीला गातं करण्याचं धाडस मराठीत फार थोड्यांनी केलं.

माणसं जमली कशी

गो. नी. दांडेकर हे पायांनी महाराष्ट्र वाचलेले लेखक. गडकिल्ल्यांवर त्यांनी आयुष्य काढलं आणि गडाच्या पायथ्याशी राहणारी माणसं कादंबरीत आणली. कर्नाळ्याखालच्या ठाकरांकडे त्यांनी पाहुण्याच्या कौतुकानं पाहिलं नाही. कादंबरीचा ठाकर नायक नाग्या याला पडलेला प्रश्न त्यांनी कुठल्याही तत्त्वज्ञाला पडावा इतक्या गंभीरपणे घेतला.

जब्बार पटेल यांच्या पाठीशी ‘घाशीराम कोतवाल’चा अनुभव होता. डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्या नाटकात माणसांची एक रांग गाते, नाचते, क्षणात भिंत होते आणि क्षणात गर्दी. समूहाच्या गाण्यातून गोष्ट पुढे नेण्याची ती रीत इथे डोंगरावर आली. ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, इथे नाग्या झाले. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे आवाज वाडीच्या वतीनं बोलू लागले. निर्मिती उषा मंगेशकरांची होती आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं.

गीतं लिहायला बोलावलेला कवी मराठवाड्यातल्या पळसखेड्याचा शेतकरी होता. ना. धों. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली आला होता; चित्रपटाचा अनुभव मात्र नव्हता. कोकणच्या डोंगरातल्या ठाकरांसाठी अजिंठ्याच्या बाजूचा कवी का, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर गाण्यांतच आहे. ओल्या मातीचा वास, झाडावर पिकलेलं फळ, अंगावर येणारं आभाळ हे महानोरांना शोधावं लागलं नाही. ते त्यांच्या बांधावरच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले तेव्हा खेड्यापाड्यांतल्या माणसांना पहिल्यांदा आठवली ती याच चित्रपटातली गाणी.

आणि नायिका चिंधी झालेली स्मिता पाटील. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त तिनं जी नायिका उभी केली, ती हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेली होती. ‘रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ची नायिका पडद्यावर जगून दाखवणारी मुलगी त्याच वर्षी ठाकरवाडीतली चिंधी झाली. मराठी संगीतपटाच्या दोन पिढ्या एका अभिनेत्रीत अशा भेटल्या.

पुण्यवंताचा प्रश्न

गोष्ट थोडक्यात सांगतो. नाग्या हा ठाकराचा पोर. ढोल असा वाजवतो की ऐकणाऱ्याचे पाय थांबत नाहीत. लिंगोबाच्या डोंगरावर मोहोळं आहेत आणि त्यांतली राणीमाशी फक्त पुण्यवंतालाच दिसते, असं त्याच्या कानावर आलेलं. मग पुण्यवंत व्हायचं, असं तो ठरवतो. खोटं बोलायचं नाही, कुणाचं वाईट करायचं नाही. आणि एवढं सगळं पाळूनही एक दिवस माशी त्याच्या डोळ्याला डसते आणि डोळा जातो. मी काय पाप केलं, असा त्याचा सवाल आहे. देव उत्तर देत नाही. मग तो त्या डोंगरावरची मोहोळं उतरवायचीच असं ठरवतो. नको असलेला नवरा सोडून आलेली चिंधी त्याच्या मागे उभी राहते. अखेर नाग्याचा विजय होतो, पण माश्यांच्या डंखांनी चिंधी जाते. ‘जैत’ म्हणजे जीत. ती मिळते तेव्हा ती ज्याच्यासोबत साजरी करायची तेच माणूस उरलेलं नसतं.

ही गोष्ट गाण्यांवाचून सांगून पाहिली की ती किती उघडी पडते ते कळतं. चिंधी जुनं आयुष्य अंगावरून उतरवून टाकते, तो सगळा बदल लताबाईंच्या एका गाण्यात घडतो. त्या गाण्याआधीची चिंधी आणि नंतरची चिंधी या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि मध्ये संवादाचं एकही पान नाही. आभाळ खाली वाकून येतं त्या आशाबाईंच्या गाण्यात प्रेमाची कबुली कुणी कुणाला देत नाही; पाऊसच ती देऊन जातो. पिकलेल्या जांभळीखाली ढोल वाजतो त्या गाण्यात दोघांची ओढ वाडीला आधी कळते, त्यांना स्वतःला नंतर. गाण्यांचे शब्द इथे लिहीत नाही, ते वाचकांना पाठच आहेत.

हृदयनाथांनी ढोलाला पात्र केलं, हे या संगीताचं मोठं यश. नाग्याला आनंद होतो तेव्हा ढोल बोलतो, तो गप्प होतो तेव्हा ढोलही मुका असतो. त्यामुळे ढोल नसलेल्या जागाही ऐकू येतात. राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘जैत रे जैत’चा गौरव झाला. तरी माझ्या मते त्याला खरं मोठेपण दिलं ते प्रश्नानं. चांगलं वागूनही वाईट का होतं, हे दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस आजही विचारतो. हा प्रश्न भाषणात आला असता तर कधीच शिळा झाला असता. तो ढोलावर आला, म्हणून ताजा राहिला.

सुळक्याखाली

कर्नाळ्यावर मी अनेकदा गेलो आहे. महामार्गावरच्या अभयारण्याच्या दारातून आत शिरलं की गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडतो. १९६८ साली जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. तासाभराची चढण संपली की किल्ल्याची तटबंदी लागते. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते. फडक्यांचं शिरढोण गाव खाली दिसतं. सुळक्याच्या पोटात खोदलेली टाकी आहेत. तिथे उभं राहून मान वर केली की कातळाला चिकटलेले अर्धवर्तुळाकार काळे डाग दिसतात. ती आग्या मोहोळं.

थोडा वेळ न बोलता पाहत राहिलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. डागावरून एक लहर सरकते, वाऱ्यानं शेत हलावं तशी. शत्रूची चाहूल लागली की मोहोळावरच्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि त्यानं ही लहर उठते. आग्या मोहोळाचं पोळं एकच आणि उघडं असतं; त्यावर माश्यांचाच पडदा असतो, आणि राणी त्या पडद्याआड. खालून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. कितीही पुण्यवंत असला तरी नाही. नाग्याच्या कथेतली दंतकथा डोंगरावरच्या खऱ्या निरीक्षणातून आली आहे, हे मला तिथे उमगलं. गोनीदांनी आणि त्यांच्याआधी ठाकरांनी हा कातळ किती बारकाईनं पाहिला असेल!

साल्झबर्गनं आपला चित्रपट जपला. आपण कर्नाळ्यावर पक्ष्यांचे फलक लावले, ते योग्यच केलं. पण या डोंगरानं मराठीला काय दिलं हेही तिथे येणाऱ्या मुलांना कळायला हवं. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं उत्तम नाट्यगृह आहे. तिथे वर्षातून एक दिवस ‘जैत रे जैत’ दाखवावा. स्मिता पाटीलच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला दाखवला तर फारच चांगलं. आसपासच्या ठाकरवाड्यांतल्या माणसांना आदरानं बोलवावं, पहिल्या रांगा त्यांच्यासाठी ठेवाव्यात, आणि चित्रपटाआधी ढोल त्यांनीच वाजवावा. शहर त्यांच्या रानावर वाढलं आहे. त्यांची गोष्ट त्यांच्यासोबत बसून पाहणं एवढं तरी आपल्याकडून व्हावं.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीच्या सुट्टीत ‘जैत रे जैत’ घरातल्या मुलांसोबत सलग बसून पाहा, गाणी सुटी सुटी ऐकू नका. मग एखाद्या सकाळी कर्नाळ्यावर या. अत्तर लावून येऊ नका, धूर करू नका, आणि सुळक्याखाली आवाज खाली ठेवा. वर मोहोळं आहेत.