पंखाच्या मापाचा पिंजरा

पक्षी पाळावयाचे एकदा घरात ठरले, की मुलांच्या आग्रहाखातर आणि बाजारातील किलबिलाटाच्या मोहाने आधी पक्षी पसंत केला जातो, आणि मग दुकानदार जो पिंजरा समोर ठेवील तो, रंगाची व किमतीची जुजबी विचारपूस करून, पक्ष्यासोबतच घरी आणला जातो. हा क्रम उलटा असावयास हवा. पक्षी घरात पाऊल ठेवण्यापूर्वी त्याचे घर मोजून, पारखून, धुऊन आणि योग्य जागी मांडून तयार असले पाहिजे; कारण पुढची सात-आठ वर्षे, आणि संगोपन उत्तम झाल्यास त्याहूनही अधिक काळ, त्या जिवाचे उडणे, चढणे, निजणे आणि खाणे बहुतांशी त्या तारांच्या आतच व्हावयाचे असते, व त्या जागेतील कसूर स्वतःच्या चोचीने दुरुस्त करण्याची मुभा त्याला नसते.

पिंजरा कोणत्या पक्ष्यासाठी, ह्याचा निकाल प्रथम लावला पाहिजे. आपल्या पिंपळावर-वडावर राहणारा, लाल चोचीचा आणि गळ्याभोवती गुलाबी-काळे वलय असलेला जो पोपट ओसरीवर टांगून ठेवण्याचा शिरस्ता महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्यासाठी योग्य असा पिंजरा अस्तित्वातच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा पक्षी आणि त्याचे इतर देशी भाऊबंद पकडणे, विकणे अथवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असणे मला सर्वथैव न्याय्य वाटते. कारण ढोलीतून काढलेल्या पिलांपैकी कित्येक बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात आणि जे जगते ते आपल्या थव्याला कायमचे मुकते. ज्यांच्या घरी असा राघू आधीपासून असेल त्यांनी त्याला भावनेच्या भरात गच्चीवरून सोडून देऊ नये, कारण माणसाच्या हातून दाणा खाण्याची सवय झालेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही व शत्रू ओळखता येत नाही. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करावे.

उरतो तो बजरिगार, ज्याला आपल्या बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. बजरिगार हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या माळरानांचा रहिवासी. १८०५ साली जॉर्ज शॉ ह्या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८४० साली पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड ह्याने त्याच्या जिवंत जोड्या इंग्लंडात आणल्या. तेव्हापासून त्याची पैदास माणसाच्या घरी इतक्या विपुलतेने होत आली आहे, की आज दुकानात दिसणारे निळे, पांढरे आणि पिवळे रंग हे त्या पैदाशीचेच फळ होय. रानातला मूळचा पक्षी हिरवा, डोक्याशी पिवळा आणि पाठीवर काळ्या लहरी असलेला. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत पोपटांचे जवळजवळ सारे कुळ दाखल असताना ज्या मोजक्या जाती त्यांतून वगळल्या आहेत, त्यांपैकी ही एक. शेपटीसकट सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा आणि ३०-४० ग्रॅम वजनाचा हा पक्षी पाहून त्याला वीतभर जागा पुरेल असा समज होतो. परंतु पाण्याच्या आणि गवताच्या दाण्याच्या शोधात थव्याने लांबलांबचे प्रदेश पालथे घालणे हा त्याचा जन्मसिद्ध स्वभाव आहे, आणि पिंजऱ्याचे माप ह्या स्वभावावरून काढावयाचे असते, त्याच्या देहावरून नव्हे.

आणि येथेच आपल्या परंपरेने घोळ घातला आहे. पिंजरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वर घुमट, घुमटाला कडी आणि आत एक झोका असे जे गोल चित्र उभे राहते, ते देवळाच्या कळसाप्रमाणे डोळ्यांना सुखावणारे असले तरी पक्ष्याच्या दृष्टीने त्याच्याइतकी गैरसोयीची वास्तू दुसरी नाही. बजरिगार हेलिकॉप्टरासारखा सरळ वर जात नाही. तो एका दांडीवरून दुसरीकडे आडवा उडतो, आणि त्या आडव्या उड्डाणासाठी गोल पिंजऱ्यात अंतरच उरत नाही. भीती वाटली की पाठ टेकून बसावयास त्याला एक कोपरा हवा असतो. तोही तेथे नसतो. शिवाय घुमटाच्या माथ्याशी तारा एकमेकींच्या जवळ येत जाऊन जी निमुळती फट तयार होते, तिच्यात बोट किंवा नखी अडकून पक्षी लोंबकळत राहण्याचा धोका असतो. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या गणनेत पोपट-मैनांना बोलावयास शिकविण्याच्या कलेला मानाचे स्थान दिले. बोलणाऱ्याच्या राहण्याची तजवीज मात्र आपण कारागिराच्या नक्षीवर सोपवून मोकळे झालो.

म्हणून पिंजरा आयताकृती घ्यावा आणि निवडताना प्रथम लांबी पाहावी, मग रुंदी, आणि सर्वांत शेवटी उंची. पंख पसरलेल्या बजरिगाराची रुंदी सुमारे ३० सेंटिमीटर भरते. तेव्हा दोन पक्ष्यांसाठी ७५ सेंटिमीटर लांबी, ४५ सेंटिमीटर रुंदी आणि तितकीच उंची ही मी किमान मर्यादा मानतो. ह्याहून लहान पिंजरा, मग तो कितीही सुबक असो, प्रवासात किंवा आजारात वापरावयाचा समजावा. घरात जागा असेल तर लांबी मीटरभर करावी; त्यासाठी मोजलेला पैसा सर्वांत सत्कारणी लागतो. ही गोष्ट केवळ हौसेची किंवा दयेचीही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या अकराव्या कलमात, ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी व रुंदी आतल्या प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्यास पुरेशी नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हे स्पष्टपणे गुन्ह्यांत गणले आहे. बाजारात हातभर लांबीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने भरलेले पक्षी पाहिले, की हे कलम वाचण्याचे कष्ट विक्रेत्यांनी आणि ग्राहकांनीही घ्यावेत असे तीव्रतेने वाटते.

लांबीनंतर महत्त्व आहे ते तारांमधील अंतराला. ते अर्ध्या इंचाहून, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरहून, अधिक नसावे; मोठ्या पोपटांसाठी बनवलेला प्रशस्त पिंजरा स्वस्तात मिळाला म्हणून बजरिगारासाठी आणला, तर रुंद फटीतून त्याने डोके बाहेर घातल्यावर ते परत आत येत नाही, आणि धडपडीत मानेला जी इजा होते ती बहुधा प्राणावर बेतते. निदान दोन बाजूंच्या तारा आडव्या असाव्यात, कारण हा पक्षी चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून चढतो आणि उभ्या तारांवरून तो घसरतो. दार बाजूला उघडणारे चांगले. वर सरकवून सोडून द्यावयाचे जे दार स्वस्त पिंजऱ्यांना असते, ते पक्षी चोचीने उचलू शकतो आणि मग ते त्याच्याच मानेवर येऊन आदळते. असा पिंजरा घरात आधीच असेल तर त्या दाराला चिमटा लावून ठेवणे हा साधा व खात्रीचा बंदोबस्त होय.

धातूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ह्या बाबतीतील गाफीलपणा डोळ्यांना दिसत नाही. बजरिगार दिवसभर तारा चावतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या जाळीवर सांध्यांच्या ठिकाणी जस्ताचे जे थेंब आणि पापुद्रे राहतात ते पोटात गेले, तर पक्ष्याला विषबाधा होते. जुन्या पिंजऱ्यावरील पोपडे धरलेल्या रंगात शिसे असेल तर परिणाम तितकाच भयंकर. जे लोक गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डमेशचा पिंजरा करवून घेतात—आणि मनाजोगी लांबी मिळवण्याचा हा मार्ग मला पसंत आहे—त्यांनी ती जाळी व्हिनेगर लावून ताठ ब्रशाने घासावी, पाण्याने स्वच्छ धुवावी आणि काही दिवस मोकळ्या हवेत ठेवावी. ह्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. पितळेचा पिंजरा दिवाणखान्याला शोभा आणतो, परंतु ज्या कळंकाच्या भयाने आपल्या आज्या आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवू देत नसत, तोच कळंक तेथे पक्ष्याच्या चोचीत जातो. सर्वांत निर्धोक पोलाद ते स्टेनलेस. ते न परवडल्यास ज्यावर पावडर कोटिंग एकसारखे आणि घट्ट बसले आहे असा पिंजरा घ्यावा आणि लेप कोठे सुटला तर तो बदलावा.

आतल्या सामानात बसावयाच्या दांड्यांचे महत्त्व कोणी ध्यानात घेत नाही. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या दोन गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात. त्यांवर रात्रंदिवस उभे राहून तळपायाच्या एकाच जागी भार येतो, तेथे लाली, मग सूज आणि अखेर जखम होते. त्यांच्या ऐवजी पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून बसवाव्यात. त्या कोठे करंगळीएवढ्या तर कोठे अंगठ्याएवढ्या जाड असतात, त्यामुळे पावलाची पकड दर वेळी निराळी पडते. साल सोलण्याचा उद्योगही पक्ष्याला मिळतो. नखे झिजावीत म्हणून वाळूचा कागद गुंडाळलेल्या दांड्या विकतात. त्या तळपाय सोलतात, नखे झिजवीत नाहीत. फांद्या पिंजऱ्याच्या दोन टोकांना बसवून मधला भाग उडण्यासाठी मोकळा सोडावा, एक फांदी सर्वांत उंच ठेवावी, कारण बजरिगार निजावयास नेहमी उंच जागा पसंत करतो, आणि दाण्यापाण्याच्या वाट्यांवर कोणतीही फांदी येऊ देऊ नये, म्हणजे विष्ठा त्यांत पडणार नाही.

आपल्याकडे पिंजरा घेतला की दुकानदार त्याच्याबरोबर मातीचे एक लहान मडके देतो आणि ते टांगल्यावाचून पिंजरा पूर्ण झाला असे कोणास वाटत नाही. ह्या दस्तुराला माझा स्पष्ट विरोध आहे. रानात हा पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. तो मडके पाहतो आणि ढोली समजतो. विश्रांतीसाठी त्याला घरट्याची गरज नसते, परंतु मडके समोर असले की मादी अंडी घालू लागते, कधी कधी नराच्या सहवासाविनाही, आणि एकामागून एक अंडी घालून तिच्या शरीरातील चुना संपत जातो. मग एखादे अंडे अडते आणि त्यात ती दगावते. पिले वाढवण्याचा बेत, त्यांना जागा आणि पुढे चांगली घरे देण्याची तयारी नसेल तर मडके परत करावे. मादीच्या नाकपुड्यांभोवतीची चामडी तपकिरी आणि प्रौढ नराची बहुधा निळी असते. तेवढी ओळख ठेवली तर दोन नर ठेवून सोबतीची गरजही भागते आणि हा प्रश्नही उद्भवत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन मात्र प्रत्येक पिंजऱ्यात अडकवावे. त्यातून चुना मिळतो आणि चोचही झिजते.

पिंजरा कोठे ठेवावा, हे त्याच्या खरेदीपूर्वीच मुक्रर झाले पाहिजे, कारण जागेवरून माप ठरते. स्वयंपाकघर सर्वथा वर्ज्य. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांमुळे हवेतील विष आपल्यापेक्षा फार त्वरेने भिनते. अतिशय तापलेल्या नॉनस्टिक तव्यातून निघणारी वाफ, जी आपल्याला जाणवतही नाही, ती त्याला काही मिनिटांत मारू शकते. डासांची कॉइल, उदबत्त्यांचा दाट धूर आणि फवारणीची कीटकनाशके ह्यांपासूनही त्याला दूर ठेवावे, सबब देवघराशेजारची जागाही बाद. बाल्कनी सोयीची वाटते, परंतु तेथे मांजर येते, कावळा तारांतून पक्ष्याचे बोट ओढतो, शिक्रा झडप घालतो, आणि दुपारच्या उन्हात सावलीला सरकावयास जागा नसते. माणसांचा वावर असलेल्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागून, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, उजेड भरपूर पण ऊन थेट नाही अशी जागा उत्तम. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता मिळाली पाहिजे. दूरचित्रवाणी उशिरापर्यंत चालत असेल तर सुती कापडाने तीन बाजू झाकाव्यात आणि चौथी हवेसाठी मोकळी ठेवावी. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पक्षी अंधारात बिथरून तारांवर आपटतो. त्या रात्री एक मंद दिवा लावून ठेवावा.

मुंग्यांसाठी दुकानात मिळणाऱ्या खडूची रेघ पिंजऱ्याभोवती ओढू नये. तो खडू कीटकनाशकाचाच असतो. दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची आपली जुनी युक्ती उभ्या पिंजऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते. तळाचा ट्रे सरकता असावा आणि त्याच्या वर जाळी असावी. त्यात साधा वर्तमानपत्राचा कागद घालून तो रोज बदलावा. विष्ठेचा रंग आणि पातळपणा रोज नजरेखालून गेल्याने आजाराची पहिली वर्दी तेथेच मिळते. वाळलेली विष्ठा झाडूने उडवू नये, आधी ओली करून मग पुसावी, कारण पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा श्वसनाचा रोग अशा धुळीतून पसरतो. पावसाळ्यात ट्रे गंजतो आणि वाट्यांतले राळे-बाजरी बुरसटतात. तेवढे महिने दाणा थोडा घालावा आणि दोनदा बदलावा.

इतके करूनही पिंजरा तो पिंजराच. म्हणून दररोज तास-दोन तास पक्ष्याला खोलीत मोकळे सोडण्याची सवय लावावी, आणि त्यासाठी दार इतके रुंद असावे की हातावर बसलेला पक्षी पंख न घासता बाहेर येईल. दार उघडण्याआधी खिडक्या लावून काचांवर पडदे ओढावेत, पाण्याच्या बादल्या झाकाव्यात, आणि छताच्या पंख्याचे बटण बंद करून त्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी.