गुणतक्त्यापुढचा चाहता : संघाचे अपयश आणि 'प्लेऑफ'ची आशा

प्रस्तावना :

एप्रिल-मे महिन्यांत मानवतच्या बाजारपेठेत, चहाच्या टपरीवर आणि प्राध्यापकांच्या स्टाफरूममध्येही एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'मुंबई अजून प्लेऑफमध्ये जाऊ शकते का ?' संघ ओळीने हरत असला म्हणजे तर हा वाद अधिकच रंगतो. आपल्यापैकी अनेकजण या चर्चेला वेळेचा अपव्यय मानतात. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. या वादात दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. संघ पात्र ठरू शकतो का, हा अंकगणिताचा प्रश्न. तो ठरेल का, हा भाकिताचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर कागदावर काढता येते. दुसऱ्याचे येत नाही, म्हणूनच त्यावर भांडता येते.

गणिती आशा :

इंडियन प्रीमियर लीगमध्ये 2011 पासून प्लेऑफची पद्धत आहे. पहिले चार संघ पुढे जातात. त्यांपैकी पहिल्या दोघांना एक पराभव पचविण्याची मुभा असते, तिसऱ्या व चौथ्यास ती नसते. 2022 पासून संघ दहा झाले व प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत 14 सामने आले. विजयास 2 गुण. सोळा गुणांवर सहसा स्थान मिळते; चौदावर मात्र सारे इतरांच्या निकालावर आणि निव्वळ धावगतीवर अवलंबून राहते. 2024 मध्ये बंगळूरुच्या संघाने पहिल्या आठपैकी सात सामने गमावले, पुढचे सहाही जिंकले आणि चेन्नईइतकेच 14 गुण असताना धावगतीवर चौथे स्थान मिळविले. आठव्या सामन्यानंतर 'अजून गणित जुळते' असे म्हणणारा चाहता त्या दिवशी हास्यास्पद वाटला असेल. पण त्याचे विधान चूक नव्हते.

निव्वळ धावगती म्हणजे काय ? संघाने संपूर्ण साखळीत दर षटकामागे केलेल्या धावांच्या सरासरीतून, त्याने प्रतिस्पर्ध्यांना दर षटकामागे दिलेल्या धावांची सरासरी वजा करावयाची. येथे एक मेख आहे. संघ पंधराव्या षटकातच सर्वबाद झाला तरी भागाकार पूर्ण 20 षटकांनी होतो. त्यामुळे एप्रिलमधला एखादा दारुण पराभव मे महिन्यात व्याजासकट वसूल होतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 25 मे 2014 चे. त्या हंगामात मुंबई इंडियन्सने पहिले पाचही सामने गमावले होते. शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानने वानखेडेवर 189 धावा केल्या. मुंबई जिंकल्यास दोघांचे गुण 14 होणार होते. पण धावगतीत पुढे जायचे तर 190 धावा 14.3 षटकांत हव्या होत्या. त्या चेंडूवर विजयी धाव घेताना अंबाती रायुडू धावबाद झाला आणि धावसंख्या 189 वरच बरोबरीत राहिली. आशा संपली, असे अनेकांनी धरले. वस्तुतः संपली नव्हती. पुढच्या चेंडूवर एकच धाव निघाली असती तर सामना जिंकूनही मुंबई बाहेर गेली असती. चौकार वा षटकार गेला तर वाढीव धावांमुळे सरासरी पुरेशी उंचावणार होती. आदित्य तरेने षटकार मारला. कोरी अँडरसनच्या नाबाद 95 धावा सर्वांना आठवतात, परंतु त्या सायंकाळचा निकाल भागाकाराने लावला, असे म्हणणे अधिक योग्य. (संख्याशास्त्राच्या तासाला भारित सरासरी शिकविताना हा दाखला पाठ्यपुस्तकातील उदाहरणांपेक्षा सरस ठरावा.)

अपयशाची चर्चा :

आशा शिल्लक असते तोवर वाद 'पुढे काय करावे' यावर चालतो; ती संपली की 'कोणामुळे' यावर येतो. 2024 मध्ये रोहित शर्माकडून हार्दिक पंड्याकडे नेतृत्व गेले आणि वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडविली. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली. पराभवाचे कारण त्या बदलात होते की गोलंदाजीत, हे गुणतक्ता सांगत नाही. तरीही चाहते त्याच तक्त्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवितात. 2022 मध्ये पहिले आठ सामने हरलेल्या मुंबईने शेवटच्या सामन्यात दिल्लीस नमवून बंगळूरुची वाट मोकळी केली होती. स्वतःची आशा संपलेला संघ दुसऱ्याची आशा ठरवू शकतो, हे पुष्कळांना त्या दिवशी उमगले.

मुंबई की महाराष्ट्र ?

मानवतच्या चाहत्याबाबत एक गोष्ट मात्र खटकते. परभणी जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर मुंबईत नाही. तो महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. मुंबई, विदर्भ व महाराष्ट्र असे राज्याचे तीन संघ रणजी करंडकात उतरतात आणि त्यांत आपला संघ महाराष्ट्राचा. त्याचे जय-पराजय येथे कोण मोजतो ? रणजीत निर्णायक विजयास 6 गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीस 3 आणि पिछाडीस 1 गुण. त्यामुळे तेथील आशेचे गणित तिसऱ्या दिवशीच बदलू शकते. वादासाठी हे खाद्य वास्तविक अधिक सकस आहे.

जानेवारी 2014 मध्ये महाराष्ट्राने उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडेवरच हरविले. केदार जाधवसोबत अखेरपर्यंत नाबाद राहिलेला विजय झोल हा जालन्याचा. मानवत रोडहून मनमाडच्या दिशेने गाडीत बसले की वाटेत लागणारे ते जालना. महाराष्ट्र अंतिम सामन्यात हैदराबाद येथे कर्नाटककडून पराभूत झाला. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 व 1940-41 असा लागोपाठ दोनदा जिंकलेला करंडक त्यानंतर महाराष्ट्राकडे आलेला नाही. विदर्भाने मात्र तो 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा नेला.