तोफ कोणाच्या हाती? मुंबईच्या एका बॅटरीची दोनशे वर्षे

'गोलंदाज' हा शब्द आज मराठी माणसाला भेटतो तो क्रिकेटच्या मैदानावर. मूळ फारसी शब्दाचा अर्थ गोळा फेकणारा, म्हणजेच तोफ डागणारा सैनिक. ईस्ट इंडिया कंपनीने हा शब्द देशी फौजांकडून जसाच्या तसा उचलला. मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात 'गोलंदाज बटालियन' होती आणि तिची आठवी कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबईत उभी करण्यात आली. आजच्या भारतीय लष्करात तिचे नाव आहे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी. भारतीय तोफखान्यातील ही सर्वांत जुनी तुकडी. तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबरला 'गनर्स डे' साजरा करतो, तो तिच्याच स्थापनेमुळे. २०२७मध्ये या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण होतात.

ही बॅटरी ५७ फील्ड रेजिमेंटचा भाग आहे. येथे सामान्य वाचकाचा हमखास गोंधळ होतो. 'रेजिमेंट ऑफ आर्टिलरी' म्हणजे संपूर्ण तोफखाना दल. परंतु त्याच दलातील क्रमांकधारी तुकडीलाही रेजिमेंटच म्हणतात. फील्ड रेजिमेंटमध्ये साधारणपणे प्रत्येकी सहा तोफांच्या तीन बॅटऱ्या असतात. रेजिमेंटची बांधणी, क्रमांक, तोफांचा प्रकार हे काळानुसार बदलत जाते. बॅटरीची ओळख मात्र टिकते. म्हणूनच विसाव्या शतकातील रेजिमेंटमध्ये एकोणिसाव्या शतकातील बॅटरी नांदताना दिसते. पायदळाच्या पलटणीला निशाण असते, तोफखान्याला ते नसते. तोफ हेच त्याचे निशाण. ती शत्रूच्या हाती पडणे म्हणजे निशाण गमावणे.

एतद्देशीय गोलंदाजांच्या कौशल्याविषयी इंग्रजांना कधीच शंका नव्हती. ही कंपनी उभी राहण्याच्या २४ वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्यांनी त्याचा अनुभव घेतला होता. शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची मोठी हानी केली. इंग्रज पायदळ तोफांची रांग ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीने लढाई जिंकली, पण तिची किंमत तो विसरला नाही.

१८५७मध्ये याच कौशल्याची इंग्रजांना धास्ती बसली. बंगाल फौजेतील देशी तोफखान्याच्या अनेक तुकड्या उठावात सामील झाल्या. दिल्लीच्या तटावरून कंपनीच्या फौजेवर झालेला मारा कंपनीनेच शिकवलेल्या गोलंदाजांचा होता. उठाव शमल्यानंतर लष्कराच्या फेररचनेसाठी पील आयोग नेमण्यात आला. तोफखाना यापुढे मुख्यत्वे युरोपीय सैनिकांच्याच हाती असावा, असा निष्कर्ष आयोगाने १८५९मध्ये मांडला. देशी तोफखान्याच्या बहुतेक कंपन्या मोडीत निघाल्या. वाचल्या त्या थोड्याच: पंजाबच्या सरहद्दीवरील बॅटऱ्या, हैदराबाद कंटिंजंटचा तोफखाना आणि मुंबईच्या दोन कंपन्या. मुंबई फौजेत कोल्हापूरच्या २७व्या पलटणीसारखे अपवाद वगळता उठाव पसरला नव्हता. शिवाय डोंगराळ मुलखात खेचरांच्या पाठीवरून तोफा नेण्याचे कष्टाचे काम करायला माणसे हवीच होती.

म्हणजे हिंदुस्थानी सैनिकाच्या हाती उरली ती फक्त लहान डोंगरी तोफ. सपाट मैदानावर लढाईचा निकाल लावणाऱ्या मोठ्या तोफा गोऱ्या सैनिकांच्या ताब्यात गेल्या, त्या जवळजवळ पाऊण शतकासाठी. बंदूक आणि तलवार विश्वासाने हाती दिली, पण तोफ नाही. ब्रिटिश राजवटीचा सैनिकांवरील विश्वास नेमका किती होता, हे यावरून कळते.

या लहान तोफेचे तंत्र मात्र पाहण्यासारखे होते. १८८०च्या सुमारास वापरात आलेल्या अडीच इंची तोफेची नळी सुमारे ४०० पौंडांची. एवढे ओझे एका खेचराला पेलवत नाही. म्हणून नळीचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या खेचरांवर लादत आणि मोर्चावर पोहोचताच आट्यांवर फिरवून जोडत. चाके, गाडा, दारूगोळा यांसाठी आणखी खेचरे. सरावलेले पथक काही मिनिटांत सर्व उतरवून तोफ सज्ज करी. खेचराची पाठ सोलवटली तर तोफ वाटेतच अडकणार, त्यामुळे खोगिराची निगा हाही गोलंदाजीचाच भाग होता.

१८६८च्या अॅबिसिनिया मोहिमेत मुंबईच्या देशी तोफखान्याची एक कंपनी अशाच डोंगरी तोफा घेऊन गेली होती. पुढे बॅटरीचे क्रमांक बदलत गेले. पाचवरून पंचवीस, पंचवीसवरून एकशे पाच आणि १९२०च्या दशकाअखेरीस पुन्हा पाच. लष्करी दप्तरात तिचा माग काढणाऱ्याची यामुळे बरीच दमछाक होते. मुंबई फौजेतूनच निघालेली तिची भावंड बॅटरी, २६वी जेकब्ज, आणि २१वी कोहाट या दोन डोंगरी बॅटऱ्या २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या अरुंद, उभ्या चढणीच्या मुलखात सुरुवातीच्या तासांत उपयोगी पडल्या त्या त्यांच्याच खेचरांवरच्या तोफा.

एवढी सेवा होऊनही फील्ड तोफखान्याचे दार उघडले ते १९३५मध्ये. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूर येथे 'ए' फील्ड ब्रिगेडची स्थापना झाली. तत्पूर्वी १९३२मध्ये प्रेमसिंग ग्यानी आणि त्यापाठोपाठ परमशिव प्रभाकर कुमारमंगलम हे भारतीय अधिकारी तोफखान्यात दाखल झाले होते. ग्यानी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती झाले.

संधी मिळाल्यानंतर परीक्षेला फार वेळ लागला नाही. २७ मे १९४२च्या सकाळी लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमजवळ तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटलीचा 'आरिएते' रणगाडा डिव्हिजन चालून आला. दुसऱ्या भारतीय फील्ड रेजिमेंटच्या २५ पौंडी तोफांनी समोर दिसणाऱ्या रणगाड्यांवर थेट मारा केला. अनेक रणगाडे निकामी झाले, पण संख्याबळापुढे ठाणे टिकले नाही. बॅटरीचे नेतृत्व करणारे कुमारमंगलम युद्धकैदी झाले. त्यांना 'डीएसओ' हा सन्मान मिळाला आणि १९६६ ते १९६९ या काळात ते भारताचे लष्करप्रमुख होते.

डोंगरी तोफखान्याची परीक्षा ब्रह्मदेशात झाली. कलादान खोऱ्यात १५ आणि १६ डिसेंबर १९४४च्या रात्री ३०व्या माउंटन रेजिमेंटचे हवालदार उमराव सिंह यांच्या तोफेवर जपान्यांनी लागोपाठ हल्ले केले. गोळ्या संपल्यावर ते तोफ वळवण्याचा लोखंडी दांडा घेऊन लढले. प्रतिहल्ल्यानंतर ते तोफेशेजारी बेशुद्धावस्थेत सापडले. भोवती दहा जपानी सैनिकांचे मृतदेह होते. तोफ शाबूत होती. भारतीय तोफखान्यातील व्हिक्टोरिया क्रॉसचे ते एकमेव मानकरी. २००५मध्ये त्यांचे निधन झाले.

फाळणीत तोफखान्याच्या साडेअठरा रेजिमेंट भारताकडे आल्या. त्या 'साडे'मध्ये जुन्या सोबत्यांची वाटणी किती बारकाईने झाली, ते दिसते. गॅलिपोलीत लढलेल्या दोन्ही बॅटऱ्या आणि बंगळूरला उभी राहिलेली पहिली फील्ड रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. मुंबईची बॅटरी भारतात राहिली. १९४८मध्ये नाशिकरोड येथे आर्टिलरी सेंटर सुरू झाले. जवळच देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय असल्याने देशभरातील गोलंदाजांच्या जडणघडणीत आजही महाराष्ट्राची माती असते.

१९९९च्या कारगिल युद्धात तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. काही रेजिमेंटना 'कारगिल' हा किताब मिळाला. द्रास भागातील ५१४० क्रमांकाच्या शिखराला २०२२मध्ये 'गन हिल' असे नाव देण्यात आले.

त्यानंतरच्याच वर्षी तोफ कोणाच्या हाती द्यायची, या जुन्या प्रश्नावर आणखी एक निर्णय अमलात आला. २९ एप्रिल २०२३ रोजी चेन्नईच्या प्रशिक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात रुजू झाल्या. या दलातील त्या पहिल्याच महिला अधिकारी.